पयले गोटा, मंग रामराम

गाडी थांबली की आमचे गाडीवान बाबाजी आधी खाली उतरायचे, वाकून एक दगड हुडकायचे, तो चाकाखाली सरकवायचे आणि मगच कंबर सरळ करून समोरच्या माणसाला हात जोडायचे. समोर गावचा पाटील असो, शाळा तपासायला आलेला साहेब असो, नाहीतर त्यांचा स्वतःचा व्याही असो, तोवर त्याने तिष्ठत उभं राहायचं. कोणी कपाळाला आठ्या घातल्याच, तर उत्तर ठरलेलं होतं. "पयले गोटा, मंग रामराम. रामराम काई पळून नाई जात. गाडी जाते."

हा गोटा फक्त आमच्याच चाकाखाली जायचा असं नाही. चाक दिसलं की बाबाजींचा हात शिवशिवायचा. केळझरच्या बाजारात त्यांनी एका पोस्टमनच्या सायकलीला पुढून-मागून गोटे लावून ठेवले. तो घाईने आला, टांग मारली आणि सायकलसकट आडवा झाला. बाबाजी त्याला उठवायला धावले आणि वर त्यालाच म्हणाले, "गोटा काढाच्या पयले बसते काय कोणी, बाप्पा?" आमची मुलगी तेव्हा पांगुळगाडा धरून चालायची. त्या पांगुळगाड्यालाही गोटा लागायचा आणि ती जागच्या जागी भोकाड पसरायची.

आज हे आठवायचं कारण असं, की परवा ओळखीतले एक गृहस्थ घरी आले. त्यांनी मोटारीमागे जोडायचं घर घेतलं आहे. मी एके काळी चाकावरच्या घरात सहा वर्षं संसार केला हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. "नवख्या माणसाला दोन गोष्टी सांगा," म्हणाले आणि वही काढून बसले. मी तासभर सांगत होतो. ते गेल्यावर लक्षात आलं, की त्यात माझं स्वतःचं एक वाक्य नव्हतं. सगळं बाबाजींचं.

मी चष्मे करणारा माणूस. वर्ध्याला एका बोळात दुकान होतं आणि ते चालत नव्हतं, कारण ज्यांना दिसत नव्हतं ती माणसं खेड्यात होती. लढाई संपून काही वर्षं झाली होती आणि लष्कराच्या लिलावात नाही नाही ते निघायचं. त्यात मला पत्र्याचा एक दोन चाकी डबा मिळाला. रबरी टायर, आत दोन फळ्यांचे पलंग, एक खिडकी. कागदावर लिहिलं होतं 'कॅरव्हॅन'. ती ओढायला मोटार लागते हे घेऊन झाल्यावर सुचलं. मोटारीची ऐपत नव्हती, म्हणून नाचणगावच्या एका सुताराकडून पुढे बंडीसारखा धुरा आणि जू बसवून घेतलं. वरून झकास निळा रंग दिला. लोक त्याला चष्म्याचा डबा म्हणायला लागले.

बाबाजी त्या सुतारानेच गाठून दिले. साठी उलटलेली, गवळाऊ बैलांची पांढरीशुभ्र जोडी, आणि उभं आयुष्य साहेब लोकांच्या दौऱ्याचे तंबू, पलंग, भांडी या गावाहून त्या गावाला हलवण्यात गेलेलं. बायको वारली होती. एकुलता एक मुलगा कचेरीत कारकून होता आणि पिपरी मेघ्याला त्याने घर बांधलं होतं. बाबांनी आता बैल विकावेत आणि येऊन ओसरीवर बसावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

बाबाजींना जगात भीती एकाच गोष्टीची होती. ती ओसरीची.

"पोरगा चांगला हाय, सून चांगली हाय, ओसरी बी चांगली हाय," ते म्हणायचे. "पण ओसरीवर बसला माणूस म्हंजे चाकं काढलेली बंडी. तिच्यावर कोंबड्या बसतेत." मुलाशी त्यांचा करार झाला होता. हातपाय आणि डोळे चालतात तोवर बैल राहतील. एखादी तक्रार कानावर आली, की त्याच आठवड्याच्या बाजारात जोडी विकायची.

पहिल्याच दिवशी आमची अक्कल निघाली. भिंगांची जड पेटी, पाण्याची टाकी, तांदळाचं पोतं, सगळं मी नीट डब्याच्या मागच्या बाजूला रचलं होतं, पुढे बसायला ऐसपैस जागा हवी म्हणून. ही मुलीला घेऊन मागच्या दाराने आत चढली मात्र, डब्याचं तोंड आभाळाकडे गेलं आणि दोन्ही बैल मानेच्या पट्ट्यात लटकल्यासारखे झाले. बाबाजींनी धावत येऊन धुऱ्यावर अंग टाकलं. माझ्यावर ओरडले नाहीत. त्यांनी हिला उतरवून घेतलं, सगळं सामान बाहेर काढलं आणि एकेक वस्तू हाताने जोखून पुन्हा लावली. पेटी चाकाच्या जरा पुढे, पोतं तिच्या शेजारी, गादी-कपडे मागे. "बंडी उलार झाली तं बैलाले फास लागते," ते म्हणाले. "अन् समोर लय दाबली तं बैल वाकते. बोटाने उचलून पाहा धुरा. उचलला पाहिजे, पण कुरकुरला पाहिजे." मोटारवाल्या गृहस्थांनाही मी हेच सांगितलं. त्यांनी ते 'कुरकुरला पाहिजे'सकट लिहून घेतलं.

डबा उभा करायचा तर बाबाजी आत फळीवर पाण्याने काठोकाठ भरलेला लोटा ठेवायचे. पाणी ज्या बाजूने सांडेल त्या बाजूच्या चाकाखाली माती. "घर सपाट नसलं तं माणसाची झोप घरंगळते." चिंचेखाली उभं करायचं नाही, कारण फांद्या खाली येतात आणि पत्रा खरवडतात. डब्याच्या उंचीची एक बांबूची काठी ते नेहमी जवळ ठेवत आणि शंका आली तर फांदीखालून ती उभी धरून चालत जात. दार पश्चिमेला नको, उन्हाळ्यात आत भट्टी होते. दुसऱ्याच्या शेतात उतरायचं तर आधी त्याच्या घरच्या बाईला विचारायचं, बाप्याला नंतर. निघताना चूल विझवून राखेवर हात ठेवून बघायचा. आणि चाकाखालचा गोटा काढून रस्त्याच्या कडेला टाकायचा, वाटेत सोडायचा नाही. त्या वाटेने दुसऱ्या कोणाचे तरी बैल येणार असतात.

एकच सल्ला मी मोडला. सेलूकडच्या एका शेताच्या कडेला सपाट काळी जमीन होती, टणक, जणू सारवलेली. बाबाजी म्हणाले, "काळीवर नाई. मुरमावर चाला." मुरमाड जागा बाजारापासून लांब होती आणि माघात पाऊस कशाला येतोय, म्हणून मी हट्ट धरला. संध्याकाळी अवकाळी आला. सकाळी आमचं घर आसापर्यंत काळ्या मातीत बसलं होतं. गावातल्या तीन जोड्या लावून ते बाहेर काढावं लागलं. बाबाजी दिवसभर चाकांची माती खरवडत होते. संध्याकाळी भाकरी खाताना म्हणाले, "काळी माती कोरडी असते तवा साधू असते, भाऊ." एवढंच.

माझा धंदाच डोळ्यांचा, तेव्हा मी हे लिहिताना शरमतो. बाबाजी सगळं हाताने बघतात, याचं मला कौतुक वाटायचं. नट घट्ट आहे का, ते बोट फिरवून बघत. बैलाच्या खांद्याला सूज आहे का, ते तळहाताने. माणूस जवळ येऊन बोलेपर्यंत त्याला ओळख देत नसत, ते मला रुबाबदार वाटायचं. आमच्या निळ्या डब्याला ते हिरवा डबा म्हणत. मी कधी वाद घातला नाही, खेड्यात निळ्या-हिरव्याचा घोळ पुष्कळांचा असतो. दोन हंगाम मी त्यांच्या शेजारी बसून गावोगावच्या लोकांचे डोळे तपासले आणि शेजारचे डोळे मला दिसले नाहीत. जुन्या कारागिराचा हात, जुन्या कारागिराचा हात, असं मी चारचौघांत सांगत फिरलो.

तिसऱ्या हंगामाच्या सुरुवातीला, दिवाळी झाल्यावर, त्यांच्या हातून डबा एका पुलाच्या कठड्याला घासला. फार काही झालं नाही, रंग गेला. पण खेड्यात बातमीला पाय असतात. नाचणगावच्या बाजाराच्या दिवशी मुलगा सायकल हाणत आला. चांगला माणूस होता, तोंडात शब्द नेमके.

"बाबा, तुमाले दिसून नाई राह्यलं."

"कोण म्हणते?"

"पूल म्हणते," मुलगा म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "तुमच्याकडे तक्ता आहे. तपासा. दिसत नसेल तर तसं सांगा, मी जोडी आजच बाजारात उभी करतो."

नाही म्हणायला जागाच नव्हती. हिने मुलाला डब्याच्या पलीकडे, चुलीपाशी चहाला बसवलं. इकडे मी दोरीने वीस फूट मोजून खुर्ची ठेवली आणि बाबाजी तिच्यावर ताठ बसले. ते दुसरीपर्यंत शिकले होते आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

तक्त्याला दोन बाजू असतात. एका बाजूला अक्षरं, वर एक मोठं, खाली खाली बारीक होत गेलेली. दुसरी बाजू न शिकलेल्यांसाठी. तिच्यावर फणीसारखी तीन दातांची चिन्हं असतात, दात कुणीकडे आहेत ते बोटाने दाखवायचं. आधीचं गिऱ्हाईक एक म्हातारी होती आणि मी तक्ता फिरवायला विसरलो होतो. छडी वरच्या चिन्हावर ठेवली तेव्हा ते माझ्या लक्षात आलं. फिरवणार, तेवढ्यात खुर्चीतून खणखणीत आवाज आला.

"ग."

माझ्या छडीखाली वीतभर फणी होती.

मी छडी खाली सरकवली. "म, ल," बाबाजी म्हणाले. "प, ट, स." मग ते छडीसाठी थांबलेच नाहीत. पाढे म्हणावेत तशा चालीवर ओळीमागून ओळ आली आणि साठीतल्या माणसाला जी सहसा दिसत नाही, ती शेवटची ओळही आली. "ब, घ, ण, फ, त, श, क." दोन हंगाम तक्त्याजवळ बसून त्यांनी शेकडो लोकांच्या तोंडून ती ऐकली होती. म्हणून झाल्यावर त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि माझ्या आवाजाची वाट बघत तोंड जरासं वर करून बसले. त्यांचा चेहरा माझ्याकडे होता, पण नेमका माझ्याकडे नव्हता.

मला पहिल्यांदा आठवली ती माझी मुलगी. दोन वर्षं ती या माणसाच्या मागे, फळीवर निजून, पूल आणि उतार ओलांडत होती. मग राग आला, मग दुसरंच काही. ही माझ्यासाठी चहाचा कप घेऊन डब्याला वळसा घालून आली. तिने तक्ता पाहिला, बाबाजींना पाहिलं, कप खाली ठेवला आणि तक्ता अक्षरांकडे फिरवला. तोवर मुलगा पलीकडून आला.

"काय म्हणता मग?"

"शेवटची ओळसुद्धा म्हणून दाखवली," मी म्हणालो.

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. याला आमच्याकडे साळसूदपणा म्हणतात आणि तो मला जमतो. मी हे बाबाजींवरच्या दयेपोटी केलं असं सांगायला मला आवडलं असतं. दया होतीच. पण हंगाम नुकता लागला होता, कापूस घरात येत होता, लोक चष्मे करणार होते, आणि ते उलार होणारं घर हाकू शकेल असा दुसरा माणूस मला माहीत नव्हता. मुलगा समाधानाने सायकलीकडे गेला. सायकलीखालचा गोटा आधी बाबाजींनी काढला, मग तो बसला.

दुसऱ्या दिवसापासून ही मुलीला मांडीवर घेऊन पुढे, बाबाजींच्या शेजारी बसायला लागली. आत गुदमरतं म्हणाली. आणि बोलायला लागली. एरवी ही मितभाषी बाई, पण वाटेत तोंडाला खळ नाही. "बाई गं, केवढी बंडी येतेय समोरून, कडबा भरलेली. उजवीकडे तो खड्डा पाहिलात ना बाबाजी, गेल्या वेळी नव्हता." बाबाजी म्हणायचे, "पायला ना." आणि कासरा अलगद ओढायचे. असा तो सगळा हंगाम गेला. देवळी, पुलगाव, आर्वी, हिंगणघाट. एकदाही कुठे घासलं नाही. बाबाजी त्या वर्षी फार खुशीत होते, बैलांशी गप्पा मारायचे, मुलीला कासरा धरायला द्यायचे. मी मनात म्हणायचो, चाललंय ना, मग झालं.

चैत्रात केळझरला त्यांनी डोकं धरलं. उजवा डोळा लालभडक, ओकाऱ्या, कळ अशी की तो दगडासारखा माणूस बैलाच्या गळ्यात हात टाकून उभा राहिला. मिळेल त्या गाडीने आम्ही त्यांना वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. मोतीबिंदू पिकून फुगला होता, डोळ्यात दाब वाढला होता, उजवा डोळा गेला होता. डावा कापला तर थोडंफार दिसेल. "सहा महिन्यांपूर्वी आणलं असतंत, तर दोन्ही राहिले असते," ते म्हणाले. "तुम्ही तर चष्मेवाले ना?"

मी हो म्हणालो.

जोडी मुलाने विकली. डावा डोळा कापून बरा झाल्यावर मी त्याचं जाड भिंग स्वतः घासून चष्मा केला, भाड्याची जोडी लावून डबा पिपरी मेघ्याला नेला. बाबाजी ओसरीवर बसले होते. मुलाची जुनी सायकल खाली उभी होती, पुढून-मागून गोटे. मी चष्मा त्यांच्या नाकावर बसवला. त्यांनी मला पाहिलं, मग माझ्यामागे फाटकाबाहेर पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिले.

"डबा निळा हाय काय, भाऊ?"

"पहिल्यापासून निळाच आहे."

"लय निळा हाय," ते म्हणाले.

मग मला राहवलं नाही. सून आत होती, मुलगा कचेरीत. मी म्हणालो, "बाबाजी, त्या दिवशी तक्ता उलटा होता. मला तेव्हाच कळलं होतं."

"मले बी कळलं होतं."

"काय?"

"तुमाले कळलं ते. दुसऱ्या दिवशी बाई समोर येऊन बसली, तवाच समजलो." ते चष्म्याची दांडी चाचपत होते. "तुमी सांगतलं असतं तं मी ओसरीवर आलो असतो. एक हंगाम भेटला. त्याच्यापायी डोळा गेला. जाऊ द्या."

हे त्यांनी मनापासून म्हटलं, की माझं ओझं चाकाच्या पुढे-मागे करून मला सपाट उभं केलं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. तेवढं त्यांना येत होतं.

मी निघालो तेव्हा ते फाटकापर्यंत आले. भाड्याच्या गाडीवानाने चाकाखाली काही ठेवलं नव्हतं. बाबाजी वाकले, उगाचच तिथे हात फिरवला आणि सरळ झाले. "गोटा नाई ठेवला याने," म्हणाले. मग हात जोडले. पुढच्या पावसाळ्यात ते गेले. ओसरीवरच गेले, असं मुलाने कळवलं.

आता दुकान मुलगी बघते. तीच, पांगुळगाड्यातली. मी खुर्चीवर बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारतो. गेल्या महिन्यात माझ्या हातून जिन्याची एक पायरी चुकली, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, बसा समोर. बघू द्या." मी बसलो. तक्ता जुनाच आहे, अक्षरं समोर. मी म्हणू शकलो असतो, पाढ्याच्या चालीवर, शेवटपर्यंत. तिने छडी उचलली.

"थांब," मी म्हणालो. "ही बाजू मला पाठ आहे. दुसरी लाव."

तिने माझ्याकडे पाहिलं, तक्ता फिरवला आणि छडी वरच्या फणीवर ठेवली. मी बोटाने दाखवत गेलो. तिसऱ्या ओळीनंतर मी हात खाली ठेवला.